हँडहेल्ड घ्यायचाय, पण आधी विकत घेतलेल्या गेमचं काय?

रात्रपाळी_फोंडा

नमस्कार मंडळी. हा धागा काढायचं बरेच दिवस मनात होतं.

मी फोंड्याचा. कुंडईला औषधाच्या कारखान्यात शिफ्टमध्ये काम करतो. गेमिंग लॅपटॉप होता, तो गेल्या पावसाळ्यात गेला. बिजागरी आधीच तुटली होती, मग आत ओल धरली, आणि दुरुस्तीचा आकडा ऐकून मी नाद सोडला. तसाही आता टेबलाशी बसून खेळणं होत नाही. मुलगी झोपल्यावर पाऊण तास, कंपनीच्या बसमध्ये जाता-येता, आणि जून लागला की वीज गेलेल्या रात्री. म्हणून हँडहेल्ड, म्हणजे हातात धरून खेळायचं गेमिंग यंत्र, घ्यायचं ठरवलंय. साठ-सत्तर हजारांपर्यंत जाऊ शकतो.

कुठला चांगला, हे मला विचारायचं नाही. ते व्हिडिओ पुष्कळ पाहून झालेत. गेली बारा वर्षं पैसे साठवून जे गेम घेतले, ते नव्या यंत्रावर चालले पाहिजेत. तेच गेम दुसऱ्यांदा विकत घेणं मला परवडणारं नाही, आणि परवडलं तरी मी घेणार नाही.

माझ्याकडे संगणकाच्या गेमच्या तीन ऑनलाइन दुकानांत खाती आहेत: स्टीमवर २१२ गेम आहेत, गॉगवर ३१, आणि एपिकवर फुकट वाटलेले जमवलेत ते शंभरेक. शिवाय सोनीचं जुनं हँडहेल्ड, एक पीएसपी गो आहे, मामाने २०१० मध्ये दुबईहून आणलेली. तिला चकती लागतच नाही. सोनीने यूएमडीचा, म्हणजे पीएसपीच्या चकतीचा, खणच काढून टाकला होता, जे काय खेळायचं ते डाउनलोड करूनच. तिच्यावर ११ गेम घेतले होते, सगळे मामाच्या कार्डावर. ती आता सुरू होत नाही आणि मागची बाजू किंचित फुगलीय.

एवढी काळजी का, तर एकदा हात पोळलेत. साधारण २०१२ मध्ये एका छोट्या परदेशी डाउनलोड दुकानातून सहा गेम घेतले होते. पुढे ते दुकान बंद झालं. तीस दिवसांत सगळं उतरवून घ्या, असा मेल आला होता. मला महिनाभर सलग रात्रपाळी होती, मेल उघडला तेव्हा दोन महिने उलटले होते. सहा पावत्या अजून इनबॉक्समध्ये आहेत.

तेव्हा अनुभवी लोकांनी सांगावं.

बोटीवरचा

बाब, तुमचा प्रश्न योग्य ठिकाणी आहे. मी क्रूझवर गॅलीत काम करतो, एका काँट्रॅक्टला आठ-नऊ महिने घराबाहेर. २०२२ पासून स्टीम डेक वापरतो, तेव्हा माझ्याकडून ऐकून घ्या.

तुमचे २१२ गेम ज्या दुकानात आहेत त्याच दुकानाचं हे यंत्र आहे, म्हणून लॉगिन केलं की सगळी लायब्ररी समोर येते. वेगळं काही विकत घ्यावं लागत नाही. आत विंडोज नसून स्टीमओएस आहे, म्हणजे लिनक्सच. विंडोजचे गेम प्रोटॉन नावाच्या थरामधून चालतात आणि खेळणाऱ्याला ते कळतही नाही.

पण ऑफलाइनचं नीट समजून घ्या, कारण पावसाळ्यात तुमची वीज जाते तसा आमचा किनारा जातो. बोटीवर इंटरनेट पॅकेजवर मिळतं आणि ते घरच्यांशी बोलायला राखून ठेवावं लागतं. पहिल्या खेपेला मी मुंबईहून निघताना चौदा गेम उतरवून घेतले. तिसऱ्या दिवशी समुद्रात एक उघडला, तर प्रकाशकाचा स्वतःचा लाँचर (गेम सुरू करणारं ॲप) मध्येच उभा राहिला आणि त्याचं लॉगिन मागू लागला. स्टीमवर पैसे भरून घेतलेला गेम, पण दाराशी दुसराच राखणदार. पुढचं बंदर येईपर्यंत सहा दिवस तो गेम नुसता चित्रासारखा दिसत होता.

तेव्हापासून माझा नियम असा. गेम उतरवला की नेट असतानाच एकदा उघडायचा आणि पहिलं दृश्य येईपर्यंत खेळायचा. मग ऑफलाइन मोड लावायचा, विमान मोडही लावायचा, आणि परत उघडून बघायचा. जो इथे अडतो तो सोबत न्यायचा नाही. घर सोडायच्या आदल्या रात्री मी हेच करत बसतो. बायको बॅग भरते, मी गेम तपासतो.

पर्वरी_लिनक्स

छान धागा. वरच्या प्रतिसादाला +१, थोडी भर घालतो.

डेक भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. कोणी आणून दिला तर वॉरंटीसाठी परत त्याच देशात पाठवावा लागतो. इथे दुकानात बिलासकट मिळतो तो एसुसचा आरओजी अ‍ॅलाय किंवा लेनोवोचा लिजन गो. त्यांच्यात बहुतेक वेळा विंडोज ११ असतं. तुमच्यासारख्या तीन दुकानांत विखुरलेल्या लायब्ररीला विंडोज सोयीचं जातं, कारण स्टीम, एपिक, गॉग सगळ्यांची स्वतःची ॲप सरळ बसतात. खटकणारी बाजू म्हणजे छोट्या पडद्यावर विंडोजची बारीक बटणं बोटांनी दाबायची, आणि झोपवून ठेवलेलं यंत्र उघडल्यावर गेम जिथल्या तिथे सापडेलच याची खात्री नाही. डेक याबाबतीत भरवशाचा. बटण दाबलं, झोपला. परत दाबलं, त्याच क्षणी सुरू. पाऊण तासवाल्या माणसाला याचं मोल फार आहे.

डेकवर एपिक आणि गॉग चालत नाहीत असा गैरसमज आहे. डेस्कटॉप मोडमध्ये जाऊन हिरोइक गेम्स लाँचर टाका. तो फुकट आणि मुक्तस्रोत आहे. त्यातून दोन्ही खाती उघडतात आणि गेमची चित्रं स्टीमच्या यादीत आणून ठेवता येतात.

मधला मार्गही निघालाय. मे २०२५ पासून लिजन गो एसची एक आवृत्ती कारखान्यातूनच स्टीमओएस घेऊन येते.

खर्च करण्याआधी एक काम करा. स्टीमच्या संकेतस्थळावर लॉगिन करून तुमची लायब्ररी डेकवर किती चालते ते बघा. बहुतेक गेमना प्रमाणित, खेळण्याजोगा किंवा असमर्थित असा शिक्का असतो. ज्याला शिक्काच नाही त्याच्यासाठी प्रोटॉनडीबी या संकेतस्थळावर लोकांनी लिहिलेले अनुभव वाचा.

मडगांवचा_गोलकीपर

ऑनलाइन खेळणाऱ्यांनी जपून. माझ्या लायब्ररीत गेम आहे, पण डेकवर तो उघडत नाही, असं झालंय. कारण अँटी-चीट, म्हणजे ऑनलाइन खेळात लबाडी पकडणारी प्रणाली. अ‍ॅपेक्स लेजंड्स डेकवर व्यवस्थित चालायचा, ऑक्टोबर २०२४ च्या शेवटी लिनक्सवरून प्रवेशच बंद केला. त्याआधी सप्टेंबरमध्ये जीटीए ऑनलाइनचं तेच झालं. व्हॅलोरंट तर कधीच चालला नाही. मित्रांबरोबर असे गेम खेळायचे असतील तर विंडोजवालं यंत्रच घ्या.

रात्रपाळी_फोंडा

सगळ्यांचे आभार. मी एकटाच खेळतो, त्यामुळे अँटी-चीटची अडचण नाही.

पर्वरीकरांनी सांगितलेली तपासणी आज केली. २१२ पैकी फक्त ९ वर असमर्थितचा शिक्का आहे. त्यातले सात मी कधी उघडलेलेही नव्हते. उरलेल्या दोहोंतला एक जिवाभावाचा आहे, पण प्रोटॉनडीबीवर लोक म्हणतात की एक जुनी प्रोटॉन आवृत्ती निवडली की चालतो. मन बरंच हलकं झालं.

साखळीची_बाई

मी स्वतः खेळत नाही, पण मुलाचं पाहिलंय म्हणून लिहिते.

त्याच्याकडे निन्टेंडो ३डीएस हे हँडहेल्ड होतं. भारतात निन्टेंडोचं अधिकृत दुकान नाही, तेव्हा खातं दुसऱ्या देशाचं काढलेलं. चवथीला पाहुण्यांनी हातावर ठेवलेले पैसे तो साठवायचा आणि माझ्या बहिणीकडून तिकडचं कार्ड मागवायचा. दोन चवथींचे पैसे त्यात गेलेत. मग बातमी आली की २७ मार्च २०२३ पासून ३डीएस आणि वी यू या निन्टेंडोच्या यंत्रांचं ई-शॉप, म्हणजे ऑनलाइन दुकान, खरेदीसाठी बंद. पोरगा रडवेला झाला, आता आपले गेम गेले म्हणून.

गेले नव्हते. नवीन खरेदी बंद झाली, पण घेतलेलं परत उतरवायची सोय ठेवलेली आहे. फक्त ती किती दिवस, हे कंपनीच्या हातात. आम्ही त्या आठवड्यात बसून यादी वहीत लिहिली, एकेक गेम उतरवला, आणि एसडी कार्ड संगणकाला लावून पूर्ण फोल्डरची प्रत काढली. ती प्रत दुसऱ्या यंत्रात चालत नाही हे माहीत आहे, कार्ड त्या यंत्राशी बांधलेलं असतं. पण कार्ड खराब झालं तर त्याच यंत्रासाठी नवं कार्ड तयार होतं. आमचं खरोखरच झालं, गेल्या ऑगस्टमध्ये. त्या वहीने आणि त्या प्रतीने वाचवलं.

आता त्याला निन्टेंडोचं नवं स्विच २ हवंय. चौकशी केली तर जुन्या स्विचचे गेम बहुतेक चालतात, त्याच खात्यातून. पण जुनं मायक्रोएसडी कार्ड गेमसाठी चालत नाही, मायक्रोएसडी एक्सप्रेस नावाचं नवं लागतं. म्हणजे गेम फुकट येतात आणि कार्डाला पैसे जातात. घेणाऱ्यांनी हा खर्च धरून चालावं.

जुने_ते_सोने

एवढा खटाटोप कशाला? चकती किंवा कार्ट्रिज घ्या, कपाटात ठेवा. कोणाच्या बापाला ते काढून घेता येत नाही.

दुरुस्ती_म्हापसा

वरच्या भावाला मान देऊन सांगतो, गोव्याच्या हवेत कपाट म्हणजे बँक नव्हे. माझं म्हापशाला मोबाइल आणि कन्सोल दुरुस्तीचं दुकान आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये लोक यूएमडी आणि डीव्हीडी घेऊन येतात, त्यांच्यावर उजेडात धरल्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी दिसते. यूएमडी प्लास्टिकच्या कवचात बंद असते, ते कवच उकललं तरच पुसता येते. कार्ट्रिजच्या सोनेरी पिनांवर काळपट थर येतो. हवाबंद डबा, सिलिका जेलच्या पुड्या आणि दर पावसाळ्याआधी त्या पुड्या बदलणं, एवढं केलं तर टिकतं. नाहीतर नाही.

आणि आता डबीत गेम असेलच असंही नाही. स्विच २ चे बरेच गेम की-कार्डवर येतात. त्या कार्डात गेम नसतो, नुसती किल्ली. गेम डाउनलोडच करायचा, आणि खेळताना कार्डही आत हवं. दुकान बंद पडलं तर कार्डाचा उपयोग काय, सांगा.

रात्रपाळीदादा, तुमची पीएसपी गो चार्जला लावू नका. मागून फुगलीय म्हणजे बॅटरी आहे. गोची बॅटरी साध्या पीएसपीसारखी झाकण काढून बदलता येत नाही, आत बसवलेली आहे, स्क्रू खोलावे लागतात. दाबूही नका. स्टीलच्या डब्यात ठेवून घेऊन या. गेम आतल्या १६ जीबी मेमरीत आहेत, बॅटरी मेली म्हणून ते जात नाहीत.

नवीन घेणार त्याबद्दलही दोन शब्द. माझ्याकडे हँडहेल्ड येतात ते तीनच तक्रारींनी. बॅटरी, काडी (जॉयस्टिक) आपोआप सरकते, आणि चार्जिंगचं भोक. मूळ लिजन गोच्या काड्या चुंबकावर चालणाऱ्या हॉल इफेक्टच्या आहेत, त्या झिजत नाहीत. डेकचे सुटे भाग आयफिक्सिट ही कंपनी अधिकृतपणे विकते, खोलायलाही सोपा. डेक आणि पहिल्या अ‍ॅलायमध्ये एसएसडी (गेम साठवायची आतली डिस्क) २२३० आकाराची छोटी असते, अ‍ॅलाय एक्समध्ये २२८० ची नेहमीची. बदलायची वेळ आली तर नेहमीची पटकन मिळते.

शीतकढी

एवढं सगळं करण्यापेक्षा एकदा क्रॅक केलेली प्रत उतरवून ठेवा ना. पैसे भरलेत, मग पाप कसलं?

पणजीचा_वकील

शीतकढी, तुमचा राग समजतो. पैसे भरूनही हातात काही राहत नसेल तर माणसाला असंच वाटणार. पण कायद्यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलम ५२(१)(एए) आहे. संगणक प्रणाली ज्याच्याकडे कायदेशीरपणे आहे त्याला ती हरवण्या-बिघडण्यापासून तात्पुरतं संरक्षण म्हणून बॅकअप प्रत काढता येते. साखळीच्या बाईंनी कार्डाची प्रत काढली ती याच वृत्तीची. दुसरीकडे २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५ए आलं. हक्क मोडण्याच्या हेतूने कुलूप तोडलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. अनोळखी माणसाने फोडून इंटरनेटवर टाकलेली प्रत ही तुमची बॅकअप प्रत होत नाही, मग पावती असो वा नसो.

मूळ दुखणं वेगळं आहे. आपण गेम विकत घेत नाही, वापरायचा परवाना घेतो. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०२५ पासून कायदाच केला की डिजिटल वस्तू विकताना हा नुसता परवाना आहे हे स्पष्ट सांगितल्याशिवाय ‘खरेदी’ हा शब्द वापरायचा नाही. त्याआधी काही महिने स्टीमने आपल्या कार्टमध्ये तशी ओळ घातली. यूबिसॉफ्ट कंपनीने ‘द क्रू’ या गेमचे सर्व्हर ३१ मार्च २०२४ ला बंद केले तेव्हा एकट्याने खेळणाऱ्यांचाही गेम संपला. त्यातूनच ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम उभी राहिली, आणि युरोपातल्या तिच्या नागरिक याचिकेने जुलै २०२५ मध्ये दहा लाख सह्यांचा टप्पा ओलांडला. आपल्याकडे असा दबाव अजून कोणी आणलेला नाही आणि मला त्याची मनापासून खंत वाटते. निषेध केला तर दुकानं ऐकतात, याचा दाखला आहे. सोनीने मार्च २०२१ मध्ये पीएस३ आणि व्हीटा या आपल्या जुन्या यंत्रांची ऑनलाइन दुकानं बंद करायचं जाहीर केलं होतं. लोक इतके संतापले की एप्रिलमध्येच निर्णय मागे घेतला. पीएसपीचं दुकान मात्र त्या जुलैत बंद झालंच, फक्त घेतलेले गेम परत उतरवायची मुभा राहिली.

तेव्हा रात्रपाळी, तुमचे ११ गेम कदाचित अजून तिथेच असतील. म्हापशाला जाऊन या.

पर्वरी_लिनक्स

वकीलसाहेब, वाचनखूण साठवली.

गॉगचं वेगळेपण इथेच आहे. तिथे प्रत्येक गेमचा ऑफलाइन इन्स्टॉलर मिळतो, ज्याला ना लॉगिन लागतं ना इंटरनेट. परवाना तिथेही परवानाच, पण फाइल तुमच्या डिस्कवर आहे तोवर ती कोणाला विचारायला जात नाही. ३१ गेम आजच उतरवून ठेवा.

स्टीममध्येही बॅकअपची सोय आहे, पण ती परत बसवायला स्टीमच लागतं. उपयोग इतकाच की फोंड्याच्या नेटवर ८० जीबी दुसऱ्यांदा उतरवावे लागत नाहीत. तसंच घरात दोन यंत्रं असतील तर २०२३ पासून एकाकडून दुसऱ्याकडे घरच्या वायफायवरूनच गेम पाठवता येतो.

आणि सेव्ह विसरू नका. सगळेच गेम क्लाउडवर सेव्ह ठेवत नाहीत.

बोटीवरचा

मोबाइल नंबर बदलणाऱ्यांनी स्टीम गार्डचा (मोबाइलवरून स्टीमचं लॉगिन राखणाऱ्या सोयीचा) रिकव्हरी कोड कागदावर लिहून ठेवा. आर अक्षराने सुरू होतो. माझा कागद आईच्या देवघरातल्या पत्र्याच्या डबीत आहे. हाँगकाँगला फोन चोरीला गेला तेव्हा आईने व्हिडिओ कॉलवर चष्मा लावून एकेक अक्षर वाचून दाखवलं. दहा वर्षांची लायब्ररी त्या कागदामुळे परत हातात आली.

रात्रपाळी_फोंडा

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय.

आधी गॉग. २ टीबीची हार्डडिस्क घेतली आणि सलग पाच रात्री डाउनलोड लावून ठेवलं. एकतीसच्या एकतीस गेम उतरले. त्यातल्या एकाला नेट बंद करून भावाच्या लॅपटॉपवर बसवून पाहिलं. उघडला. पडदा काळा होऊन नाव उमटलं तेव्हा अंगावर काटा आला, खरं सांगतो.

मग पीएसपी. म्हापशाला नेली, बॅटरी बदलली, सुरू झाली. आतल्या मेमरीत ११ पैकी ४ गेम होते, बाकीचे जागेसाठी मीच कधीतरी पुसलेले. ते परत उतरवायचे तर वायफाय हवं, आणि घरच्या राउटरला ती जोडेचना. दोन संध्याकाळी फुकट गेल्या. शेवटी कळलं की पीएसपीला वायफायचा अगदी जुना ८०२.११बी प्रकारच समजतो आणि डब्ल्यूपीए२ चं कुलूप उघडता येत नाही. राउटरमध्ये तात्पुरतं एक पाहुण्यांचं नेटवर्क काढलं, जुन्या पद्धतीचं. जोडली. मग पासवर्ड चुकीचा म्हणू लागली. खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावली असेल तर अशा जुन्या यंत्रांना नेहमीचा पासवर्ड चालत नाही, सोनीच्या संकेतस्थळावरून वेगळा डिव्हाइस सेटअप पासवर्ड काढावा लागतो. तो काढला.

रात्री साडेबारा वाजता डाउनलोडची यादी उघडली. अकराही नावं होती. मामाने दुबईच्या दुकानात उभं राहून फोनवर मला विचारून विचारून घेतलेला पहिला गेम सगळ्यात खाली, तारखेसकट. मामा २०१९ मध्ये गेले. तोच आधी उतरवला. ४०० एमबीला अडीच तास लागले, मी तिथेच बसून होतो.

हँडहेल्डचं म्हणाल तर डेक ओएलईडी ठरवलाय. बिल आणि वॉरंटीसाठी इथलंच यंत्र घ्यावं असं बरेच दिवस वाटत होतं, पण पाऊण तासात झोपवून उठवण्याची सोय माझ्यासाठी महत्त्वाची आहे, आणि २१२ पैकी २०३ गेम तिथे चालतात. वर्गमित्र दुबईला आहे, चवथीला येताना आणतोय. कस्टमचं काय असेल ते बिल दाखवून भरणार. लायब्ररीची यादी वहीत लिहायला घेतलीय, साखळीच्या बाईंसारखी. दुकान, खात्याचा ईमेल, देश आणि घेतल्याचं साल. मामाचं खातं अमिरातीचं आहे, पीएसएनचा (सोनीच्या ऑनलाइन खात्याचा) देश बदलता येत नाही, हेही त्यात लिहिलंय. बायकोला वही कुठे आहे ते दाखवून ठेवलंय.

म्हापशेकर, पीएसपीच्या उजव्या खांद्याचं बटण अजून दोनदा दाबल्याशिवाय लागत नाही. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी आलो तर दुकान उघडं असेल का?

दुरुस्ती_म्हापसा

साडेनऊपासून. दुपारी दीडला जेवायला बंद करतो, त्याआधी या. डब्यात सिलिका जेलची पुडी घालून आणा.